ऐंशी ग्रॅमची माया

१ डिसेंबर

औषध कंपनीच्या माणसाने दिलेली ही डायरी गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार चुकीचे आहेत. तेवढं सोडलं तर या वहीत सगळं अचूक असणार आहे.

आजपासून माझं संशोधन सुरू झालं. बुलढाण्यात आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी सात वर्षं बालरोगतज्ज्ञ आहे. या सात वर्षांत दोन शोधनिबंध लिहिले. पहिला परत आला, त्यावर शेरा होता, 'यात नवीन काय?' दुसराही परत आला, त्यावर शेरासुद्धा नव्हता. आता तिसरा. विषय आमच्या कांगारू वॉर्डातली बाळं. कमी वजनाची, पण यंत्रांची गरज नसलेली. आईने त्यांना दिवसरात्र उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं आणि रोज सकाळी आठ वाजता वजन करायचं. त्यासाठी नवा काटा आणला आहे, तो पाच ग्रॅमचाही फरक दाखवतो. फेब्रुवारीत नागपूरला परिषद आहे. तिथे मी व्यासपीठावर उभा राहणार असं मी मनात ठरवून टाकलं आहे. परिषदेला ते अजून कळायचं आहे.

वॉर्डाच्या प्रमुख सुवर्णा सिस्टर. त्यांना लेखी सूचना दिली: कपडे, टोपी, लंगोट काढून वजन करावे. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "आतालोक कपड्यासकट करत होतो काय आमी?"

४ डिसेंबर

सुवर्णा सिस्टरांनी आज विचारलं, "सर, आज्या पोरांच्या अंगावरचे दोरे काढू देत नाहीत. भांडतात. राहू द्यू का?"

आमच्या घरात दोरा, ताईत, काळा टिळा यातलं कधी काहीच नव्हतं. आई मलकापूरला शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरीही तेच शिकवायची. पाचवी, सटवाई वगैरे शब्द मी शेजारच्या घरांतून ऐकले तेवढेच. त्यामुळे पूर्वीचा मी असतो तर वॉर्डात व्याख्यान दिलं असतं. पण आता वय वाढलं, समज आली. म्हटलं, "राहू द्या. दोऱ्याचं वजन ते किती! लोकांच्या श्रद्धेवरून वाद नको."

आपण किती समंजस झालो याचं बरं वाटलं. संध्याकाळी आईला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "समंजस झाला का आळशी झाला, पाहून घेजो बापा."

१५ डिसेंबर

काहीतरी सापडतंय. घाई करायची नाही, पण काहीतरी सापडतंय.

बाळाचं वजन पहिल्या चार-पाच दिवसांत घटतं आणि मग सावकाश वाढतं, हे पुस्तकात आहे. पण आमच्या वॉर्डात सहाव्या दिवशी सकाळी वजन एकदम उडी मारतं. वीस, पंचवीस, एकदा तर चाळीस ग्रॅम! अकरा बाळांपैकी नऊ बाळांत हेच. जगात कुठेही याची नोंद नाही. निदान मला मोफत वाचायला मिळतं तेवढ्या जगात नाही.

आज टाचेतून रक्त घेताना तीन नंबरच्या बाळाचा वाळा सारखा मध्ये येत होता. वर सरकवला की खाली येई. मी वैतागलो होतो, पण डोक्यात उडीचाच विचार चालू होता, म्हणून कुणावर ओरडलो नाही.

२८ डिसेंबर

सापडलं! भेटायला येणारी माणसं!

ज्या बाळाला भेटायला जास्त नातेवाईक येतात, त्या बाळाचं वजन जास्त वाढतं. मी गेले दहा दिवस चार ते सहाच्या भेटीच्या वेळेत वॉर्डाच्या दाराशी उभा राहून माणसं मोजली. पाचव्या दिवसापासून आत्या, मावश्या, माम्या यांची रीघ लागते. वॉर्डात हळदीकुंकवाचा वास येतो, खाटांखाली तांदूळ सांडलेले असतात, सिस्टर चिडतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन वाढलेलं! सात नातेवाईक आले त्या बाळाची वाढ पासष्ट ग्रॅम, दोन आले त्याची वीस.

कारणही सुचलं आहे. घरची माणसं दिसली की आई खूश होते, तिला दूध भरपूर येतं, बाळाला ऊब आणि माया मिळते. निबंधाचं नाव ठरवलं: 'कुटुंबीयांची माया आणि कमी वजनाच्या बाळांची वाढ'. लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

आमचे विभागप्रमुख डॉ. इंद्रभान सर यांना तक्ते दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "माया कोणत्या मापात मोजतोस बे?"

"सर, माणसं मोजली."

"हां. एका रात्रीत पासष्ट ग्रॅम. भारी माया आहे." आणि ते चहाला गेले. या वयात नव्या कल्पना पचायला त्यांना वेळ लागतो.

५ जानेवारी

एक अपवाद त्रास देतोय. धम्मशीलाताईंचं बाळ, खाट नंबर सात. भेटायला फक्त त्यांचा नवरा आणि आई. वजन रोज पंधरा-वीस ग्रॅम वाढतं, पण उडी नाहीच. मी नवऱ्याला बाजूला घेऊन समजावलं की जरा जास्त माणसं येऊ द्या. ते शिक्षक आहेत, गोष्ट मनावर घेणारे. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या अकरा सहकाऱ्यांना घेऊन आले. दारात गर्दी झाली, मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोलायची तयारी दाखवली.

दुसऱ्या दिवशी वजन वाढलं पंधरा ग्रॅम. निबंधात तळटीप टाकली: सहकारी हे नातेवाईक नव्हेत.

१३ जानेवारी

नागपूरहून पत्र आलं. निबंध स्वीकारला! व्यासपीठ, दहा मिनिटं, प्रश्नांसाठी दोन. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. पण मले एक सांग, माया रोजच असते नं? मग उडी एकदाच काऊन मारते?" तिला म्हटलं, हे सांख्यिकीचं आहे, तुला नाही कळायचं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने यावर फोन ठेवून दिला.

आजच देऊळघाटच्या रेणुकाताईंची मुलगी जन्मली. अठराशे ग्रॅम. शेतकरी कुटुंब, वांगी-टोमॅटो घेतात. नातेवाईक मोजता मोजता दमलो. या बाळाचा तक्ता मी परिषदेत पडद्यावर दाखवणार.

१९ जानेवारी

रेणुकाताईंच्या मुलीचे आकडे: १७ तारखेला १,७१०. काल १,७३५. आज १,७६०. सुरेख! परवा आजीने खाटेशीच पाचवी पुजली. काल मावशी आली. आज संध्याकाळी मामा येणार आहे.

रेणुकाताई मात्र मान हलवत होत्या. "डॉक्टरसाहेब, मले तं पोरगी हलकीच लागून राह्यली."

मी त्यांना तक्ता दाखवला. "ताई, हा काटा पाच ग्रॅमचाही फरक ओळखतो."

"काटा ओळखत असंन. पण छातीशी तं मी बांधते नं तिले."

पहिलटकरणींना असं वाटतंच. मी समजूत घातली. सुवर्णा सिस्टर बाजूला उभ्या होत्या, त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण मला परिषदेसाठी स्लाइड्स तयार करायच्या होत्या.

२१ जानेवारी

काल १,८०५! मामा आला आणि पंचेचाळीस ग्रॅम! घरी सोडण्याचे आमचे दोन नियम आहेत, सलग तीन दिवस वाढ आणि अठराशेच्या वर वजन. दोन्ही बसले. आज सकाळी मी स्वतः कागदांवर सही केली. आजीला म्हटलं, "धोका टळला. नात आता मोठी झाली."

आजी इतकी खूश झाली की माझी अलाबला घेतली. रेणुकाताई जाताना सारख्या मागे वळून पाहत होत्या. आणखी दोन दिवस ठेवता का, असं त्यांनी कालच विचारलं होतं. मी म्हटलं होतं, नियम म्हणजे नियम.

२४ जानेवारी, सकाळी साडेनऊ

भयंकर. आज वॉर्डातल्या नऊपैकी आठ बाळांचं वजन घटलं. एका दिवसात! कुणाचं पंचवीस, कुणाचं सत्तर. इतकी बाळं एकदम म्हणजे संसर्ग, दुसरं काही असूच शकत नाही. काट्यावर सलाइनची बाटली ठेवून पाहिली, काटा बरोबर. पाण्याचे नमुने पाठवले. भेटी बंद केल्या. आठही बाळांचं रक्त घ्यायला सांगितलं. इंद्रभान सरांना घरून बोलावलं.

फक्त धम्मशीलाताईंचं बाळ वीस ग्रॅम वाढलं आहे. त्यांनी काय वेगळं केलं? त्यांना तीनदा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, आम्ही काहीच नाही केलं." मला काही ते पटलेलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी साडेतीन

लिहायला बसलो आहे, कारण गाडी येईपर्यंत नुसतं बसवत नाही.

सुई घेऊन मी पहिल्या खाटेपाशी गेलो तेव्हा तिथली आजी आडवी आली. "सायेब, लेकराचं रक्त काऊन काढता?" मी सांगितलं, वजन घटलंय. तिने सुनेकडे पाहिलं, सुनेने खाली पाहिलं. मग आजीने पदराची गाठ सोडली. आत चांदीचे वाळे, मनगट्या आणि करदोडा.

"काल चार नंबरवालीचा वाळा गेला चोरीले. म्हून आमी समद्यांनी आपापल्या पोरांच्या अंगावरचं काढून ठेवलं. तेवढंच घटलं असंन."

 एकेका खाटेवरच्या एकेका आजीने आपापली गाठ सोडली. सात नंबरच्या खाटेवर मात्र सोडायला गाठच नव्हती; धम्मशीलाताईंकडे पाचवी करतच नाहीत. जी वस्तू मी दीड महिना रोज बोटाने वर सरकवत होतो, ती माझ्यासमोर चमकत होती.

सुवर्णा सिस्टरांनी खिशातून माझी घडी केलेली सूचना काढली. "कपडे, टोपी, लंगोट. दोऱ्याचं विचारलं तं तुमी म्हणले, राहू द्या, वाद नको. दोऱ्यात चांदी ओवली जाते सर, पाचवीपासून. मले वाटलं तुमाले दिसते. तुमी तं रोज पाहता." मग हळूच म्हणाल्या, "मीबी विचार नाही केला. कामाच्या गडबडीत आकडा पाह्यला नि लिहून टाकला."

इंद्रभान सर दारात उभे होते. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "घरी कुणाला सोडलंस?"

मी घरी सोडलेल्यांची यादी उघडली. रेणुकाताई. वॉर्डातले तसेच दागिने काट्यावर ठेवून अंदाज घेतला: वाळे पंचवीस, मावशीच्या मनगट्या वीस, मामाचा करदोडा पस्तीस. एकूण ऐंशी. १,८०५ मधून ऐंशी गेले तर उरतात १,७२५. तीन दिवसांत पोरगी फक्त पंधरा ग्रॅम वाढली होती, आणि मी तिच्या आजीला सांगितलं होतं की धोका टळला.

फोन लावला. रेणुकाताई म्हणाल्या, "बरी हाय. दिवसभर झोपलीच राह्यते, तरास नाही देत. दूध पाजाले उठवाव तं उठत नाही."

त्रास न देणारं बाळ हे बालरोगतज्ज्ञासाठी धोक्याचं लक्षण. गाडी आली, किल्ली घेऊन सुवर्णा सिस्टर खाली उभ्या आहेत.

२५ जानेवारी

काल देऊळघाटला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि बुलढाण्याची थंडी गावात शिरायला लागली होती. पोरगी झोळीत होती, दुपट्यात नीट गुंडाळलेली, पायांत वाळे. आजी म्हणाली, "तुमीच म्हणले नं सायेब, मोठी झाली. म्हून छातीशी बांधणं सोडलं. सुनेचीबी पाठ भरून आली होती."

पोरीचे पाय गार होते. ताप नाही, उलट अंग थंड. रडणं अगदी बारीक. मी घाबरलो, सरळ लिहितो. सात वर्षांत याहून वाईट अवस्थेतली बाळं पाहिली आहेत, पण ती मी घरी पाठवलेली नव्हती.

सिस्टरांनी कुणाला काही न विचारता पोरीला रेणुकाताईंच्या छातीशी बांधलं, वरून माझा स्वेटर, त्यावर आजीची शाल. गाडीत मागे सिस्टर बोटाने थेंब थेंब दूध तिच्या तोंडात सोडत होत्या. मी रेणुकाताईंना आरशातून म्हटलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी पोरीवरची शाल सारखी केली. म्हणाल्या, "आता गाडी पाहून चालवा."

वॉर्डात अंगावर काही न ठेवता वजन केलं. १,६६०. नळीने दूध सुरू केलं, रक्त तपासलं. आज सकाळी हातपाय गरम आहेत. एकदा मोठ्याने रडली. एवढं चांगलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

चार नंबरचा हरवलेला वाळा धुवायला गेलेल्या चादरीत सापडला.

३० जानेवारी

रेणुकाताईंची मुलगी १,७८०. दुपट्याशिवाय, दोऱ्याशिवाय, वाळ्याशिवाय. तीनदा मोजलं.

गेले चार दिवस वॉर्डात सराफाचं दुकान उघडल्यासारखं झालं आहे. सुवर्णा सिस्टर प्रत्येक दागिना काट्यावर ठेवतात, आजी बाजूला डोळ्यांत तेल घालून उभी, मग दागिना चिठ्ठीसह परत पदरात. अजून वॉर्डात असलेल्या बाळांचे आकडे दुरुस्त झाले. घरी गेलेल्या सगळ्यांना फोन करून बोलावलं. दोन बाळं आणखी काही दिवस ठेवावी लागली, बाकी धडधाकट आहेत. उड्या सगळ्या गेल्या. माझा शोधही गेला.

सरांकडे गेलो, निबंध मागे घेतो म्हणालो.

"काऊन?"

"सर, त्यात काही उरलंच नाही."

"मायेचं माप तं मिळालं," सर म्हणाले. "ऐंशी ग्रॅम." मग चष्मा काढून पुसत बसले. "इतर दवाखान्यांतबी पाचवी होते, प्रसेनजित. तिथल्या आकड्यांचं काय? जा, नि हेच सांग."

८ फेब्रुवारी, नागपूर

सांगितलं. निबंधाचं नाव बदललं: 'बाळाच्या अंगावरचे दागिने आणि वजनातील चूक: आमचा अनुभव'. पहिल्या तीन मिनिटांत सभागृह हसलं. अकरा शिक्षकांच्या वेळी तर अध्यक्षही. मग रेणुकाताईंच्या मुलीचा तक्ता पडद्यावर आला, खऱ्या आकड्यांचा, आणि हसू थांबलं. 'आई म्हणत होती हलकी लागते, मी काटा दाखवला,' हे वाक्य मी घरी पाठ केलं होतं, तरी म्हणताना अडखळलो.

नंतर चहाला चार डॉक्टर आले. त्यातले दोघे तिथेच फोन काढून आपापल्या वॉर्डात फोन करू लागले. एकाचं ऐकू आलं, "सिस्टर, उद्यापासून अंगावरचं सगळं. हो, सगळं!"

आईला फोन केला. तिला वाटलं होतं मी तिची माफी मागेन. मागितली. ती म्हणाली, "विज्ञान कच्चं राह्यलं तुह्यं, पण मार्क देते."

१ मार्च

आज रेणुकाताई पोरीच्या आजीसोबत तपासणीला आल्या. पोरगी गुबगुबीत झाली आहे, नाव ठेवलं संजीवनी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वाळे, मनगट्या, करदोडा काढून माझ्या हातात ठेवले. "धरा. अन् मग मोजा." सुवर्णा सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसल्या.

तक्त्यात मी आता एक नवा रकाना केला आहे: आईच्या हाताला कशी लागते. काट्याचा आकडा बघण्याआधी तो भरायचा, हा नियम. म्हणून मी आकड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "किती असेल ताई?"

त्यांनी पोरीला एकदा हातावर तोललं. "पावणेतीनले थोडी कमी."

पोरीला काट्यावर ठेवलं, मग हात काढला. २,६९०. आजीने माझ्याकडे असं पाहिलं जणू परीक्षेला मी बसलो होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी येऊन डगला खुंटीला टांगला तर खिसा वाजला. छन् छन्. वाळे, मनगट्या, करदोडा, सगळं माझ्याच खिशात! वॉर्डात एक वाळा हरवला तर केवढा हलकल्लोळ झाला होता, आणि मी अख्खा ऐवज घेऊन घरी चालत आलो होतो. बूटही न काढता देऊळघाटला फोन लावला. ताई, घाबरू नका, तुमची चांदी माझ्याकडे आहे, आत्ता घेऊन येतो.

रेणुकाताई म्हणाल्या, "आमाले वाटेतच ध्यानात आलं होतं."

"मग फोन का नाही केला?"

"काऊन करा? पोरगी तं माह्याजवळ हाय नं."

मागून संजीवनीचं रडणं ऐकू येत होतं, भरपूर मोठ्याने. उद्या सकाळी वजनं झाली की देऊळघाटला जाऊन येईन.